मेमोरियल डे परेडला ढोल-ताशा न्यावा का? आणि यात आर्मी, सरकार यांचं नक्की काम काय असतं?

जर्सीचा_नाना (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी,

विषय जरा नाजूक आहे म्हणून इथे टाकतोय, आमच्या मंडळाच्या व्हॉट्सॅप ग्रुपवर टाकला तर दोन जण ग्रुप सोडून गेले आणि एकाने फक्त हात जोडलेला इमोजी टाकला, त्याचा अर्थ अजून लागलेला नाही.

तर, अमेरिकेत सेंट्रल जर्सीतलं आमचं छोटं गाव. इथे मे महिन्याच्या शेवटच्या सोमवारी मेमोरियल डे, म्हणजे युद्धात गेलेल्या सैनिकांच्या स्मरणदिनाची परेड असते. गेली काही वर्षं मी परेड कमिटीवर आहे, म्हणजे खुर्च्या लावणं, बॅरिकेड मोजणं, पाण्याच्या बाटल्या असली हमाली. यंदा कमिटीतल्या म्हाताऱ्यांनी (सगळे व्हेटरन, एक कोरियाच्या वेळचे, बाकी बहुतेक व्हिएतनामचे) प्रेमाने सांगितलं की तुमच्या मराठी मंडळानेही चालावं, येताना तुमचं काहीतरी घेऊन या. मंडळात हे सांगितल्याबरोबर ढोल पथकाने उडीच मारली. फेटे, नऊवारी, ध्वज, पंचवीस ढोल, सगळं ठरलं पण. मी म्हटलं अरे थांबा, ही परेड मेलेल्यांसाठी आहे. तर उत्तर आलं, परेड ती परेड, लोक झेंडे हलवतात, पोरं आइसक्रीम खातात, मग ढोलानेच काय घोडं मारलंय?

आता खरं सांगायचं तर त्यांचंही अगदीच चूक नाही. अर्धा रस्ता हॉटडॉग खात असतो. पण कमिटीत असल्यामुळे मला आतलं दिसतं म्हणून मन होत नाही. मतं द्या. शिवाय पथकातल्या एकाने विचारलं की आर्मीचा बँड येतोच ना, मग आपण वाजवलं तर काय? त्यावर मी म्हटलं बँड असा "येत" नाही, मागवावा लागतो, ते पण लिहितो खाली.

---

पुणेरी_टोमणा

ढोल नको. पुण्यात गणपतीचे दहा दिवस कमी पडले की काय.

---

ऑस्टिनचा_ढोलकरी

झालं सुरू. धागा निघाला की पहिली पिंक पुण्याहूनच.

नाना, मी पथकात आहे (तुमच्या नाही, इकडच्या), आमचं पथक दोन परेडला वाजलंय, इंडिया डे आणि ४ जुलै (इथला स्वातंत्र्यदिन). दोन्हीकडे लोक वेडे झाले. मेमोरियल डेला मात्र कुणी बोलावलं नाही आणि आता कळतंय का ते. तरी माझं म्हणणं, ढोल म्हणजे फक्त नाच नाही. रणवाद्य आहे ते. आपल्याकडे लढाईला जाताना नगारे वाजायचेच ना? मग सैनिकांच्या परेडला ढोल का नको?

---

फौजीदादा_कराड

लढाईला जाताना वाजायचे. माणूस गेल्यावर नाही.

मी सुभेदार म्हणून रिटायर झालो, मराठा लाइट इन्फंट्री. जास्त लिहायची सवय नाही. आमच्यात कुणी गेला की बंदूक उलटी होते, शोक शस्त्र म्हणतात त्याला. नळी खाली, मान खाली. मग बिगुलर लास्ट पोस्ट वाजवतो. मग शांतता. मग राऊज. एवढंच संगीत. त्यात ढोल कुठे बसतो तुम्हीच सांगा.

नाना, तुमच्या तिकडे फौज येते का परेडला? की नुसतेच रिटायर लोक?

---

जर्सीचा_नाना

सुभेदार साहेब, नमस्कार. तुम्ही लिहिलंत बरं वाटलं.

फौजेचं सांगतो. आमच्या गावात येते कधी कधी, थोडीशी. इथे नियम असा आहे की सैन्य स्वतःहून कुणाच्या परेडला जात नाही. परेड ज्याची असेल त्याने फॉर्म भरायचा. बँड, कलर गार्ड म्हणजे झेंडा घेऊन चालणारी तुकडी, किंवा जवान हवे असतील तर डीडी २५३६ आणि विमान वरून न्यायचं असेल तर वेगळा, डीडी २५३५. मी दोन-तीनदा हातात घेतलाय म्हणून पाठ झालाय. त्यात विचारतात की कार्यक्रम सगळ्यांना खुला आहे का, जात धर्म वर्ण न बघता कुणीही येऊ शकतं का, तिकीट आहे का, नफा कुणाला होणार, आणि एक रकाना असा आहे की गावच्या मेयरचा या कार्यक्रमाला अधिकृत पाठिंबा आहे की नाही. तिथे खूण केल्याशिवाय पुढे जाताच येत नाही. सरकारी मान्यता म्हणतात ती एवढी, एक चौकोन. निवडणुकीला उभा असलेला माणूस स्टेजवर मिरवायला लागला की सैन्य हात काढून घेतं, त्यामुळे आमच्या कमिटीतले म्हातारे नगरसेवकांना अक्षरशः दटावतात, भाषण दोन मिनिटं आणि पक्षाचं नाव काढायचं नाही.

आणि पैसे? सैन्याला जास्तीचा खर्च पडत असेल तर तो यजमानाने द्यायचा. बँडवाल्यांची ने-आण, राहणं, जेवण. विमानाला मात्र वेगळे पैसे पडत नाहीत कारण ते तास वैमानिकाच्या ट्रेनिंगमध्ये धरतात. पण ते मिळणं लॉटरी. २०१३ साली सरकारने खर्चाला कात्री लावली तेव्हा विमानं देणंच बंद केलं होतं.

शिवाय सैन्याच्या बँडला गावातल्या कमावत्या वादकांच्या पोटावर पाय देता येत नाही, असा कायदाच आहे. म्हणजे लग्नाला, पार्टीला आर्मी बँड नाही. देशभक्तीचा कार्यक्रम असेल तर चालतो.

आम्हाला बँड मिळाला एकदाच, नॅशनल गार्डचा, म्हणजे राज्याच्या राखीव सैन्याचा. बाकी वर्षी हायस्कूलचा बँड. घामाने डबडबलेली पोरं, लोकरीचे युनिफॉर्म, मे महिन्यातलं ऊन. एक तरी पोरगी चक्कर येऊन पडतेच.

---

अभ्यासू_खडूस

नानांनी चांगली माहिती दिली. थोडी भर.

मेमोरियल डे सरकारने सुरू केलेला नाही, हे लक्षात घ्या. अमेरिकेच्या यादवी युद्धात सव्वासहा लाखांच्या आसपास माणसं मेली, आणि गावोगावच्या बायका थडग्यांवर फुलं ठेवायला लागल्या. मग ५ मे १८६८ ला जनरल जॉन लोगन यांनी एक आदेश काढला की ३० मेला सगळीकडे कबरींवर फुलं वाहा. आता गंमत बघा, हे लोगन तेव्हा सरकारी पदावरून बोलत नव्हते, ते माजी सैनिकांच्या संघटनेचे, ग्रँड आर्मी ऑफ द रिपब्लिकचे, प्रमुख म्हणून बोलत होते. त्या वर्षी आर्लिंग्टनच्या दफनभूमीत हजारो लोक जमले, जेम्स गारफील्ड यांनी भाषण केलं, ते पुढे राष्ट्राध्यक्ष झाले. तेव्हा नाव डेकोरेशन डे. न्यू यॉर्क राज्याने १८७३ मध्ये सुट्टी मान्य केली. "शेवटचा सोमवार" हे तर १९७१ पासूनचं, लाँग वीकेंड मिळावा म्हणून. अनेक माजी सैनिकांचा अजूनही त्यावर राग आहे की तारीख गेली आणि गाद्यांचा सेल आला.

पहिला मेमोरियल डे कुठे झाला यावर तर पंचवीस गावं भांडतात. १९६६ साली अमेरिकन काँग्रेसने (तिथल्या संसदेने) आणि अध्यक्ष जॉन्सन यांनी न्यू यॉर्कमधल्या वॉटरलू गावाला अधिकृत जन्मस्थान म्हणून शिक्का दिला, कारण तिथे ५ मे १८६६ ला अख्खं गाव बंद ठेवून मिरवणूक काढली होती. पण त्याच्याही आधी, १ मे १८६५ ला, चार्ल्सटनमध्ये नुकत्याच गुलामीतून सुटलेल्या काळ्या लोकांनी एक मिरवणूक काढली. तिथल्या घोड्यांच्या शर्यतीच्या मैदानावर युनियनच्या, म्हणजे उत्तरेच्या बाजूच्या सैनिकांचा तुरुंग होता, त्यात २५७ जण मेले आणि त्यांना एकत्र पुरलं होतं. या लोकांनी ते उकरून नीट कबरी केल्या, कुंपण घातलं, आणि मग सुमारे दहा हजार जण, पुढे हजारो शाळकरी पोरं हातात गुलाब घेऊन, गाणी म्हणत चालले. ही हकीकत जवळजवळ विसरली गेली होती, डेव्हिड ब्लाइट या इतिहासकाराने ती वर काढली. शिक्का वॉटरलूला आणि चाललेले हे. सरकारी मान्यतेबद्दल बोलताना हे डोक्यात ठेवा.

---

ऑस्टिनचा_ढोलकरी

म्हणजे गाणी म्हणत चालले ना? मग!

---

अभ्यासू_खडूस

गाणी म्हणत चालले, नाचत नाही. तुम्ही हवं तेवढंच वाचता.

---

भीमथडी

चार्ल्सटनचं वाचून कोरेगाव भीमा आठवलं नाही असं होणारच नाही. १ जानेवारी १८१८ च्या लढाईत कंपनीच्या फौजेकडून लढताना पडलेल्यांची नावं जयस्तंभावर कोरलेली आहेत, त्यात २२ महार सैनिक. स्तंभ उभारला कंपनी सरकारने, त्यांच्या कारणासाठी. शंभर वर्षं तो तसाच होता, मग १ जानेवारी १९२७ ला बाबासाहेब तिथे गेले आणि त्याचा अर्थच बदलला. आज तिथे लाखो माणसं येतात. महार रेजिमेंटचे रिटायर जवान मेडल लावून, रांगेत, मानवंदना देतात. समता सैनिक दल संचलन करतं. माझे मामा जायचे, त्यांची टोपी आणि बूट आदल्या रात्री तयार असायचे, मामीलाही हात लावू द्यायचे नाहीत.

त्यात सैन्याचा अधिकृत कार्यक्रम असतो असं नाही. प्रशासन काय करतं, तर पोलीस, पाण्याचे टँकर, पीएमपीच्या बस, शौचालयं. २०१८ नंतर बंदोबस्त तर प्रचंड वाढलाय. पण मानवंदना द्यायला कुणी फॉर्म भरत नाही. आणि खरं सांगू का, नाही भरत हेच बरंय.

---

मेलबर्नवाली

आमच्याकडे अँझॅक डे २५ एप्रिल. १९१५ साली तुर्कस्तानात गॅलिपोलीला ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडच्या फौजा उतरल्या तो दिवस. पहाटे अंधारात डॉन सर्व्हिस, म्हणजे श्रद्धांजलीची सभा, गारठा मरणाचा, हजारो माणसं आणि कुणी खोकला तरी ऐकू येतं. मग सकाळी मार्च. मार्च आयोजित करतो आरएसएल, म्हणजे माजी सैनिकांचीच संघटना, सरकारने दिवस कायद्यात घातलाय आणि सैन्य बँड, स्मारकाभोवती उलट्या बंदुका धरून उभे राहणारे चार जण, अशी मदत करतं. दुपारी एकपर्यंत दुकानं बंद. आणि एकनंतर? पब फुल्ल, नाणी उडवून टू-अप नावाचा जुगार (एरवी बेकायदा, त्या दिवशी चालतो!) आणि फुटबॉलची मोठी मॅच.

म्हणजे दुःखाचं टाइमटेबल आहे त्यांचं. नाना, तुमच्या पथकाला दुपारचा स्लॉट द्या 😄

एक मात्र मला फार आवडतं. गेलेल्या सैनिकाची नातवंडं, पतवंडं त्याची मेडल लावून मार्चमध्ये चालतात, पण उजव्या छातीवर. डाव्या बाजूला फक्त ज्याने कमावली त्याने लावायची. सहा वर्षांची चिमुरडी पण बरोबर उजवीकडे लावून येते. आणि गॅलिपोलीला आपले पण होते बरं का, खेचरं घेऊन दारूगोळा आणि पाणी वर पोचवणारे, शीख, गुरखा, पंजाबी मुसलमान. हल्ली इथले रिटायर भारतीय फौजी पण मार्चमध्ये चालताना दिसतात.

---

पुणेरी_टोमणा

म्हणजे सकाळी श्रद्धांजली आणि दुपारी जुगार. आपल्याकडे निदान तेरावं तरी होऊ देतात.

---

टिंब_टिंब

मला एक कळत नाही, एवढं सैन्य, झेंडे, विमानं, हे सगळं भरतीची जाहिरात नाही का? परेडमध्ये भरतीवाल्यांची हमवी गाडी असते, पोरं त्यात चढून फोटो काढतात. श्रद्धांजली बाजूलाच. त्यात आपण ढोल घेऊन जायचं की नाही हा प्रश्नच मला दुय्यम वाटतो, जावंच का हा खरा प्रश्न आहे.

---

अभ्यासू_खडूस

टिंब यांचा मुद्दा अगदीच हवेतला नाही. २०१५ साली जॉन मकेन आणि जेफ फ्लेक या दोन सिनेटरांनी एक अहवाल काढला होता. मकेन म्हणजे व्हिएतनाममध्ये साडेपाच वर्षं युद्धकैदी राहिलेला माणूस, त्याला देशद्रोही म्हणायची सोय नाही. त्यात निघालं की संरक्षण खात्याने खेळांच्या व्यावसायिक संघांना लाखो डॉलर दिले, कशासाठी तर मैदानावर झेंडा उलगडणे, घरी परतलेल्या जवानाचा सत्कार, राष्ट्रगीत. म्हणजे प्रेक्षकांना वाटत होतं की क्लब मनापासून करतोय आणि प्रत्यक्षात त्याचं बिल लागत होतं. आकडा होता ६८ लाख डॉलरचा. पुढच्या वर्षी एनएफएलने (अमेरिकन फुटबॉलची लीग) त्यातले सव्वासात लाखांच्या आसपास परत केले.

पण गावची परेड आणि हे यात फरक आहे. नानांच्या गावात सैन्याला कुणी पैसे देत नाही की सैन्य कुणाला देत नाही, ने-आण आणि जेवणाचा खर्च सोडून.

---

जर्सीचा_नाना

जेवणावरून आठवलं, त्या नॅशनल गार्डच्या बँडला आम्ही समोसे दिले होते. फॉर्ममध्ये तसं काही नव्हतं, पण बायकोने ऐकलं नाही. ट्युबावाल्याने सहा खाल्ले.

टिंब, हमवी असते, हो. मला पण आवडत नाही. पण कमिटीत बसल्यावर कळतं की ती गाडी तिथे असणं आणि परेड असणं या वेगळ्या गोष्टी आहेत. परेडचा गाभा सांगू का काय आहे? दवाखान्यासमोरून वळलं की स्मशानाकडे जाणारा छोटा रस्ता आहे. तिथपर्यंत बँड जोरात. वळणावर ड्रम मेजर हात वर करतो आणि सगळं थांबतं. तिथून पुढे फक्त एक ड्रम, तोही नुसत्या किनारीवर, काठीने. टक. टक. टक टक टक. बुटांचा आवाज आणि तो. आइसक्रीमवाली पोरंसुद्धा गप्प होतात, कुणी सांगत नाही तरी. मग तिथे गावातून गेलेल्यांची नावं वाचतात, पहिल्या महायुद्धापासून इराकपर्यंत. बंदुकीच्या फैरी झाडतात ते आमचे म्हातारेच, बंदुका गॅरंड, दुसऱ्या महायुद्धातल्या, त्यांच्या मालकीच्या नाहीत बरं का, सैन्याने संघटनेला वापरायला उसन्या दिल्यात, त्यासाठी कायद्यात सोय आहे. वर्षाला हिशोब द्यावा लागतो बंदुकांचा.

आणि मग टॅप्स, बिगुलवरची निरोपाची धून. चोवीस सूर. इथे एक गोष्ट सांगतो, पहिल्यांदा बघितली तेव्हा मला काय वाटलं ते कळेना. बिगुल वाजवणारी माणसंच उरली नाहीत. रोज इतके माजी सैनिक जातात आणि २००० सालापासून कायदा आहे की घरच्यांनी मागितलं तर प्रत्येक माजी सैनिकाच्या अंत्यविधीला किमान दोन जवान, झेंड्याची घडी आणि टॅप्स मिळालंच पाहिजे. मग बिगुलर आणणार कुठून? म्हणून संरक्षण खात्याने एक बिगुल मान्य केलाय, त्याच्या तोंडात छोटा स्पीकर बसवलेला असतो. बटण दाबायचं, ओठाला लावायचा, गाल न फुगवता उभं राहायचं. आमचा जिम (नाव बदललंय) तो धरतो. ऐंशीच्या पुढे आहे, हात थरथरतो, पण सूर एकही चुकत नाही, अर्थातच. कुणाला तरी हसू येईल हे वाचून. तिथे उभं राहिल्यावर येत नाही.

तर माझा प्रश्न हा आहे की त्या वळणापर्यंत ढोल वाजवून वळणावर पंचवीस जण एकदम थांबतील का? आमचं पथक मला माहितीय. थांबत नाहीत. एकाचा तरी ठोका पडतोच.

---

ऑस्टिनचा_ढोलकरी

हे मात्र खरं. 😂 आमच्यातही एक आहे असा.

बरं मग ताशा सोडा, एकच ढोल, संथ ठेका?

---

फौजीदादा_कराड

आपल्याकडे मरणाचं वाजप नाही असं कोण म्हणतं. आमच्या भागात म्हातारं माणूस गेलं की भजनी मंडळ पुढे असतं, टाळ-मृदंग. काही गावात हलगी असते. जवान गेला की मात्र अलीकडे सगळं बिघडलंय. सजवलेली ट्रॉली, स्पीकरवर देशभक्तीची गाणी, बॅनर केवढाले, बॅनरवर गेलेल्याचा फोटो लहान आणि श्रद्धांजली वाहणाऱ्यांचे मोठे. शासकीय इतमाम होतो, पोलिसांची तुकडी, पलटणीची तुकडी, हवेत फैरी, ते सगळं शिस्तीत. त्यात कमी नाही. पण मी एका गावात बघितलं, वीरपत्नी मागे बसलेली आणि पहिल्या रांगेत पुढारी. एक जण फोनवर बोलत होता. मी उठून सांगितलं. मला खाली बसवलं.

सरकार काही करत नाही असं नाही. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय आहे, ७ डिसेंबरला ध्वजदिन निधी जमतो, पेन्शनची, पोरांच्या शिक्षणाची कामं होतात. कारगिल विजय दिवसाला २६ जुलैला पुष्पचक्र असतं. मिलिटरी बँड हवा असेल तर मिलिटरी स्टेशनला पत्र द्यायचं, जमलं तर मिळतो, नाहीतर पोलीस बँड. पण गावाने स्वतःहून वर्षातून एकदा आपल्या गेलेल्यांची नावं वाचावीत, हे नाही. साताऱ्यात, कोकणात कितीतरी गावात शाळेच्या नाहीतर चावडीच्या भिंतीत संगमरवरी पाटी आहे, या गावातून १९१४ ते १९१९ च्या लढाईला इतके गेले, इतके मेले. नावंसुद्धा नाहीत, नुसता आकडा. आमच्या पाटीवर निवडणुकीचं पोस्टर चिकटवलेलं, ते मी खरवडून काढलं.

---

पुणेरी_टोमणा

सुभेदार साहेब, टोमणा बाजूला ठेवून सांगतो, पुण्यातलं कॅम्पातलं युद्धस्मारक लोकांच्या वर्गणीतून झालंय, १९९८ ला. सरकारची वाट बघितली नाही. तेव्हा होत नाही असं नाही. मी शाळेत असताना डबा घेऊन फिरलोय त्याच्यासाठी.

---

मुंबईकर_मस्जिद

पाटीवरून, मस्जिद बंदरला इंडियन सेलर्स होममध्ये पहिल्या महायुद्धात समुद्रात गेलेल्या खलाशांचं स्मारक आहे. २००० हून जास्त माणसं, ज्यांना कबरच नाही. त्यात आपल्या कोकणातले किती असतील. मी त्या भागात वीस वर्षं दुकान चालवतोय, शेजारच्या माणसाला विचारा, माहिती नाही.

---

मिलानहून_मी

इटलीतून लिहितोय. उंब्रियात मोंतोने नावाचं गाव आहे, तिथे २०२३ च्या जुलैत यशवंत घाडगे यांचं स्मारक उघडलं. नाईक यशवंत घाडगे, माणगावकडचे, पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीची तिसरी बटालियन, १० जुलै १९४४ ला तिथेच गेले, वय २२. व्हिक्टोरिया क्रॉस, ब्रिटिशांचं सर्वोच्च शौर्यपदक, मरणोत्तर. त्यांचा देह सापडला नाही, नाव कासिनोच्या स्मारकावर कोरलंय. मोंतोनेचं स्मारक म्हणजे सूर्यघड्याळ आहे, त्यावर लॅटिनमध्ये लिहिलंय की आपण सगळे एकाच सूर्याखाली. ते केलं कुणी, तर तिथली नगरपालिका आणि इटालियन लष्करी इतिहासाचे अभ्यासक, आपला दूतावास आणि सैन्य पाहुणे म्हणून आले. उलट क्रम. तिकडच्या लोकांनी बोलावलं आणि आपलं सरकार गेलं.

नाना, तुमचं मंडळ त्या परेडला घाडग्यांच्या नावाची पाटी घेऊन का चालत नाही? ढोल बिल काही नको.

---

टिंब_टिंब

अहो त्यांच्या मेलेल्यांचा दिवस आहे, तिथे आपली यादी कशाला? उद्या प्रत्येक जण आपापली पाटी आणेल.

---

मिलानहून_मी

त्यांचे आणि आपले असे वेगळे होते कुठे तेव्हा? डिसेंबर १९४४ ला सेर्कियो नदीच्या खोऱ्यात जर्मनांनी अमेरिकेच्या ९२ व्या डिव्हिजनवर हल्ला केला, काळ्या सैनिकांची डिव्हिजन ती, तेव्हा भगदाड बुजवायला आणली ती ८ वी इंडियन डिव्हिजन. त्या डिव्हिजनमध्ये मराठा पलटण होती. नामदेव जाधव याच डिव्हिजनचे, पुढच्या एप्रिलमध्ये सेनिओ नदीवर व्हिक्टोरिया क्रॉस मिळवला, ते जगले.

---

मेलबर्नवाली

तरी मला टिंब यांचं पटतंय थोडं. पाहुणे म्हणून गेलोय तर यजमानाच्या घरात त्याच्याच माणसासाठी बसावं. आपल्या गावच्या पाटीसाठी आपल्या गावात जावं. पण पाहुण्याला "तुमचं काहीतरी आणा" असं यजमानच म्हणाला असेल तर? नाना, कमिटीला सरळ विचारा ना, इथे आम्ही डोकी फोडतोय.

---

जर्सीचा_नाना

विचारलं. काल मीटिंग होती.

मी ढोलाचा व्हिडिओ दाखवला, गणपती मिरवणुकीचा. म्हातारे खूश, एकाने पाय हलवला. मग ते कोरियावाले आजोबा म्हणाले, छान आहे, ४ जुलैला आणा, तेव्हा आम्हाला जोर कमी पडतो. सोमवारी नुसते या. घाडग्यांच्या पाटीचं पण बोललो. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि विचारलं की त्यांचा दिवस तुमच्याकडे कधी असतो? मी गप्प. मग त्यांनीच सांगितलं की पाटी नको, पण नावं वाचून झाल्यावर एक मिनिट असतो, तुम्ही मनात कुणाचंही नाव घ्या, तिथे कुणाची चेकिंग नसते.

मंडळात ठरलं असं: बायका पांढऱ्या साड्या म्हणत होत्या, ते रद्द, साधे कपडे. पोरांच्या हातात छोटे झेंडे. स्काउटच्या मागे आणि फायर ट्रकच्या पुढे आमची जागा. पंचवीस ढोलवाल्यांपैकी अकरा येणार म्हणाले, बाकीचे "बघू". झेंडा दुपारी बारापर्यंत अर्ध्यावर असतो मग वर जातो, आमच्या एका मेंबरला झेंडा चढवायची दोरी धरायचं काम मिळालंय, तो आत्तापासून टेन्शनमध्ये आहे.

सुभेदार साहेब, तुम्हाला व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलाय. माझं गाव कोरेगाव तालुक्यात, आमच्या शाळेच्या भिंतीत पण पाटी आहे, आकडाच आहे. नावं कुठून मिळतील?

---

फौजीदादा_कराड

व्यनि बघितला. पहिल्या महायुद्धाची नावं कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्जच्या वेबसाइटवर शोधता येतात, काही नोंदींत वडिलांचं नाव आणि गाव पण असतं. स्पेलिंग इंग्रजांनी लिहिलेलं, तेव्हा गावाचं नाव पाच-सहा प्रकारे टाकून बघा, सातारा जिल्हा लिहिलेलं असतं बहुतेक. पेन्शनरांची जुनी माहिती जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात विचारू. ग्रामपंचायतीचा ठराव आधी करून घ्या, नाहीतर पुढे कुणीतरी म्हणेल आम्हाला विचारलं नाही. मी येईन. बिगुलर माझ्या ओळखीचा आहे, रिटायर, ओगलेवाडीला असतो, खरा वाजवतो, बटणाचा नाही.

आणि खुर्च्या. पहिली रांग फक्त घरच्यांची. हे ठरावात लिहून घ्या.

---

ऑस्टिनचा_ढोलकरी

नाना, ४ जुलैचा स्लॉट किती मिनिटांचा आहे ते विचारा आणि ट्रकसाठी पार्किंग बघून ठेवा. पंचवीस ढोल न्यायचे म्हणजे सोळा फुटी तरी लागतो. मी पण येतो, तिकीट बघतोय.

---

पुणेरी_टोमणा

तिकीट बघतोय म्हणे. इतका उत्साह गेल्या सोमवारी रिहर्सलला दाखवला असतास तर.